जॅकेट फोटोसाठी की जिवासाठी?

‘रेडियमचे जॅकेट’ म्हटले की आपल्या खान्देशात कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. पोपटी किंवा केशरी रंगाचे, चंदेरी पट्ट्या शिवलेले, बिनबाह्यांचे जॅकेट. महामार्गावर डांबर टाकणारे, पहाटे झाडू मारणारे, विजेच्या तारा जोडणारे, रुळांची देखभाल करणारे, एमआयडीसीत ट्रक मागे घेताना हात दाखवणारे, अशा सगळ्यांच्या अंगावर ते दिसते. निदान दिसायला हवे.

आरोग्याच्या लेखात कपड्यांचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाला गाडीने धडक दिली, की पुढे डॉक्टरला करण्यासारखे फार थोडे उरते. मांडीचे हाड जोडता येते, रक्त देता येते. डोक्याला झालेली इजा मात्र अनेकदा कायमची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ताशी ५० किलोमीटर वेगाच्या मोटारीची धडक बसली, तर प्रौढ पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता २० टक्क्यांहून कमी असते. वेग ८० असेल तर ती जवळजवळ ६० टक्के होते. म्हणजे खरे उपचार धडकेच्या आधीच व्हायला हवेत. गाडीवाल्याला माणूस वेळेत दिसणे हा त्यातला एक स्वस्त आणि चांगला उपचार.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडे ही जॅकेटे खरेदी होतात ती बहुतेकदा तपासणीसाठी, बिलासाठी आणि फोटोसाठी. ती घालणाऱ्याला आणि त्याला पाहणाऱ्या ड्रायव्हरला विचारून घेतलेली नसतात. मुदत संपलेल्या लसीसारखे हे आहे. टोचल्याचे समाधान मिळते, संरक्षण मिळत नाही.

गाडीवाल्याला माणूस दिसतो कधी?

सुरत–नागपूर महामार्ग (जुना ६, आता ५३) जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतून जातो. धुळ्यातून मुंबई–आग्रा महामार्गही जातो. या रस्त्यांवर ८० चा वेग म्हणजे काहीच नाही, असे ड्रायव्हर मंडळी म्हणतील. पण ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे डोळ्याने टिपायचे, मेंदूने ओळखायचे आणि पाय ब्रेकवर न्यायचा, यासाठी रस्ते बांधणारे अभियंते अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात गाडी ५५ मीटर गेलेली असते. त्यानंतर ब्रेक लागतात. म्हणूनच भारतीय रस्ता महासभेच्या मानकात ८० च्या वेगासाठी १२० मीटर पुढचा रस्ता दिसायला हवा असे सांगितले आहे, आणि १०० च्या वेगासाठी १८० मीटर.

आता दुसरी बाजू पाहा. रात्री डिपरच्या उजेडात गडद कपडे घातलेला माणूस साधारण ५० मीटरवर किंवा त्याहूनही जवळ आल्यावर लक्षात येतो. लागतात १२० मीटर, मिळतात ५०. ड्रायव्हर शुद्धीत असला, गाडी नवी असली, ब्रेक चांगले असले, तरी हा हिशेब जुळत नाही. चांगली परावर्तक पट्टी त्याच डिपरच्या उजेडात दीडशे मीटरवरून आणि त्याहूनही लांबून चमकू शकते. जॅकेटचे काम एवढेच: ड्रायव्हरला ते तीन-चार सेकंद मिळवून देणे.

दिवसाचे औषध वेगळे, रात्रीचे वेगळे

जॅकेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची कामेही वेगळी असतात. हे समजले की निम्मी खरेदी बरोबर होते.

पहिली गोष्ट म्हणजे भडक कापड. हा साधा पिवळा किंवा केशरी रंग नसतो. सूर्यप्रकाशातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण हे कापड शोषून घेते आणि दिसणाऱ्या रंगाच्या रूपात परत देते. त्यामुळे ते आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा जास्त उजळ वाटते. पहाटे, संध्याकाळी, ढगाळ हवेत याचा विशेष उपयोग होतो. पण सूर्य मावळला की अतिनील किरण संपतात आणि कापडाची ही करामतही संपते. हेडलाईटमध्ये ते जवळपास साध्या कापडासारखेच.

दुसरी गोष्ट म्हणजे चंदेरी पट्टी. तिच्यात काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा बारीक लोलक बसवलेले असतात. आरशावर तिरका प्रकाश पडला तर तो दुसऱ्याच दिशेला जातो. ही पट्टी मात्र प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवते. हेडलाईट आणि ड्रायव्हरचे डोळे जवळजवळ एकाच दिशेला असल्याने ती त्याला झगझगीत दिसते. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला मात्र तेवढी दिसणार नाही.

थोडक्यात, नुसते भडक कापड दिवसा चालेल, रात्री नाही. नुसती पट्टी रात्री चालेल, दिवसा नाही. पहाटे पाचपासून नऊपर्यंत झाडलोट करणाऱ्या माणसाला दोन्ही लागते.

जाता जाता एक शंका दूर करतो. या पट्टीला आपण ‘रेडियम’ म्हणतो, पण तिच्यात रेडियम नसते. पूर्वी घड्याळाच्या तबकडीवर चमकणारे आकडे रंगवण्यासाठी खरे रेडियम वापरत. ते रंगवणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुलींना जबड्याच्या हाडाचे भयंकर आजार झाले. नाव तेवढे मागे राहिले. जॅकेटच्या पट्टीने कर्करोग होत नाही. बिनधास्त घाला.

दुकानात काय पाहावे?

भारतीय मानक ब्युरोने अशा कपड्यांसाठी आयएस १५८०९ हे मानक केले आहे. जॅकेटच्या आतल्या लेबलवर त्याचा उल्लेख शोधा. बाहेरच्या देशांत आयएसओ २०४७१ हे मानक चालते आणि त्यात तीन वर्ग आहेत. पट्टी किमान ५ सेंटिमीटर रुंद हवी. पहिल्या वर्गाला ०.१० चौरस मीटर परावर्तक पट्टी लागते, दुसऱ्याला ०.१३ आणि तिसऱ्याला ०.२०. हे आकडे डोक्यावरून जात असतील तर शिंप्याची टेप घ्या. ५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी एकूण २ मीटर भरली तर पहिला वर्ग, २ मीटर ६० सेंटिमीटर भरली तर दुसरा आणि ४ मीटर भरली तर तिसरा. भडक कापडाची मोजणी अर्थात वेगळी. दुसऱ्या वर्गाला ते अर्धा चौरस मीटर लागते. माझ्या मते महामार्गावर काम करणाऱ्याला दुसऱ्या वर्गाच्या खालचे जॅकेट देऊच नये. रात्रपाळी असेल तर बाह्या असलेले आणि सोबत पॅन्टला पट्ट्या असलेले, म्हणजे तिसऱ्या वर्गाचे द्यावे.

बाजारात स्वस्त जॅकेटांवर बोटभर रुंदीच्या पट्ट्या असतात. काहींवर तर नुसते चंदेरी प्लास्टिक असते, जे दुकानाच्या ट्यूबलाईटमध्ये छान चकाकते आणि रस्त्यावर अंधारात काहीच दाखवत नाही. यासाठी एक सोपी चाचणी आहे. जॅकेट अंधारात दहा-पंधरा पावलांवर टांगा. मोबाईलची बॅटरी डोळ्याच्या अगदी शेजारी, कानशिलाजवळ धरा आणि जॅकेटवर उजेड टाका. पट्टी पांढरीशुभ्र पेटल्यासारखी दिसली तर ठीक. राखाडी दिसली तर दुकानदाराला परत करा. ही चाचणी करायला एक मिनिट लागते आणि पैसे लागत नाहीत.

रंग कोणता घ्यावा? आपल्या डोळ्यांना पिवळट-हिरवा रंग दिवसा सर्वांत उजळ वाटतो, म्हणून पोपटी जॅकेट सगळीकडे चालते असा समज आहे. पण मागे काय आहे तेही पाहायला हवे. रावेर-यावलच्या केळीच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्यावर किंवा पावसाळ्यात कपाशीच्या शेताकडेला पोपटी रंग हिरव्यात मिसळतो. तिथे केशरी उठून दिसतो. याउलट पिवळ्या जेसीबीच्या आणि रोलरच्या गराड्यात पोपटी-पिवळे जॅकेट यंत्राचाच भाग वाटते. तिथेही केशरीच बरा. काळ्या डांबरावर किंवा काळ्या मातीवर दोन्ही चालतात.

पट्ट्या कुठे आहेत तेही महत्त्वाचे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की अंधारात माणसाच्या फक्त सांध्यांवर छोटे दिवे लावले तरी तो चालू लागताच पाहणाऱ्याला ‘हा माणूस आहे’ हे क्षणात कळते. छातीवरची चमक दुरून मैलाच्या दगडासारखी किंवा बॅरिकेडसारखी वाटू शकते. मनगट आणि घोट्याजवळची हलणारी चमक मात्र माणसाचीच असते. म्हणून रात्री काम करणाऱ्यांनी जॅकेटसोबत घोट्याला आणि मनगटाला पट्टी बांधावी. खर्च किरकोळ, फायदा मोठा.

यंत्रांजवळ मात्र वेगळा विचार करा. जिनिंग, मळणी यंत्र, कन्व्हेयरचा पट्टा इथे सैल, लोंबणारे जॅकेट यंत्रात ओढले जाऊ शकते. तिथे अंगाबरोबर बसणारे आणि ओढ बसताच बाजूने सुटणारे, वेल्क्रोचे जॅकेट घ्या. आणि वेल्डिंग करणाऱ्याला साधे पॉलिस्टरचे जॅकेट देऊ नका. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटते. तो भाजलेला भाग भरायला फार त्रास होतो. त्यांच्यासाठी आग न पकडणाऱ्या कापडाची वेगळी जॅकेटे मिळतात.

खान्देशचे ऊन आणि खान्देशची थंडी

‘आम्ही जॅकेट देतो हो डॉक्टर, पण ही माणसं घालतच नाहीत.’ हे वाक्य मी अनेक ठेकेदारांकडून ऐकले आहे. मग मी त्यांना एकच विचारतो: मे महिन्यात तुम्ही स्वतः ते दुपारी अकरा वाजता घालून पाहिले आहे का?

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी जाड, बंद विणीचे पॉलिस्टर अंगावर असले की घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही की शरीर थंड होत नाही. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेले आणि माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, की तो उष्माघात. त्यात जीव जातो. कामगार जॅकेट काढून ठेवतो तेव्हा तो बेशिस्त नसतो. त्याचे शरीर त्याला बरोबर सांगत असते. चूक जॅकेट निवडणाऱ्याची असते.

त्यामुळे आपल्याकडे जाळीच्या कापडाचे जॅकेट घ्यावे, तेही सुती पूर्ण बाह्यांच्या शर्टावर. उन्हामुळे आपण कामे पहाटे आणि रात्री करायला सांगतो आणि ते योग्यच आहे. पण ध्यानात घ्या, ऊन टाळण्यासाठी काम अंधारात नेले की न दिसण्याचा धोका वाढतो. म्हणून उन्हाळ्याच्या वेळापत्रकासोबत पट्ट्यांची जॅकेटे आणि दिवेही आलेच पाहिजेत. एका आजारावरचे औषध देताना दुसरा आजार वाढवायचा नसतो.

हिवाळ्यात उलटा प्रकार होतो. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याची थंडी बोचरी असते. कामगार जॅकेटवर स्वेटर चढवतात, शाल गुंडाळतात आणि चमकणारी पट्टी आत झाकली जाते. धुक्याच्या पहाटे, जेव्हा तिची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हा ती दिसतच नाही. म्हणून माप घेताना स्वेटरवरून बसेल असे मोठे माप घ्या.

महिला कामगारांचा विचार तर खरेदीत क्वचितच होतो. झाडलोट करणाऱ्या ताई साडीवर जॅकेट घालतात आणि पदर किंवा डोक्यावरचा रुमाल खांद्यावरची पट्टी झाकून टाकतो. पुरुषांच्या मापाचे जॅकेट त्यांना घोळदार होते, वाकले की पुढे लोंबते. त्यांना घालायला लावून, वाकायला लावून, मगच माप ठरवा. यावर कोणी हसू नये.

आणखी एक डॉक्टरी मुद्दा: माणशी एक जॅकेट. दोन पाळ्यांत एकच घामट जॅकेट फिरवले की एकाचा नायटा दुसऱ्याला होतो. औषधे लावूनही परत परत येणारा नायटा सध्या किती त्रास देतो, हे ज्यांना झाला आहे त्यांना विचारा. घाण वास येणारे जॅकेट कोणी आवडीने घालत नाही, ते वेगळेच.

जॅकेट म्हणजे कवच नव्हे

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास लासलगाव स्टेशनजवळ रुळांवर काम करणाऱ्या चार ट्रॅकमनना टॉवर वॅगनने धडक दिली आणि चौघांचाही मृत्यू झाला. हा भाग मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतो, म्हणून भुसावळच्या अनेक घरांना ही बातमी परकी वाटली नाही. रुळावरची गाडी बाजूला वळू शकत नाही आणि चटकन थांबतही नाही. तिथे जॅकेटच्या आधी लागतो तो गाडी येणार नाही याची खात्री असलेला ब्लॉक, आणि फक्त गाडीकडे लक्ष ठेवणारा, शिट्टी वाजवणारा माणूस.

रस्त्यावरही तसेच आहे. भारतीय रस्ता महासभेने कामाच्या जागेवरील वाहतुकीसाठी एसपी ५५ ही मार्गदर्शिका काढली आहे. तिचा गाभा असा: आधी लांबून सूचना देणारा फलक, मग वेग कमी करायला लावणारी जागा, मग कोन आणि बॅरिकेड, त्यानंतर मोकळी सोडलेली पट्टी आणि त्याच्या पलीकडे माणूस. लळिंग घाटाच्या वळणावर किंवा बांभोरीच्या पुलाजवळ दोन दगड आणि झाडाची एक फांदी ठेवून चार जणांना जॅकेट घालून उभे करणे म्हणजे सुरक्षा नव्हे. जॅकेट हे शेवटचे संरक्षण आहे. ते पहिले धरले की बाकी सगळ्याला फाटा मिळतो.

याचा अर्थ जॅकेट निरुपयोगी, असा मात्र नाही. ब्रिटिश रेल्वेने १९६४ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो इथे रुळांवरच्या कामगारांना केशरी जॅकेटे देऊन पाहिली आणि पुढे ती पद्धत जगभर गेली. अमेरिकेत केंद्राच्या मदतीने बांधलेल्या महामार्गांवर काम करणाऱ्यांना २००८ पासून ती सक्तीची झाली. जिथे ती कामी आली, तिथे ती इतर व्यवस्थेसोबत आली.

पैसे कोणी द्यायचे?

कामगाराने नक्कीच नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये स्पष्ट आहे, की कामाच्या जागी सुरक्षेसाठी दिलेल्या गोष्टींचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. पगारातून जॅकेटचे पैसे कापणे बेकायदा आहे. बांधकाम कामगारांना महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून सुरक्षा संच मिळतो, त्यात परावर्तक जॅकेट असते. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात किमान ९० दिवस बांधकामाचे काम, ही नोंदणीची अट. तुमच्या ओळखीत कोणी सेंट्रिंग, गवंडीकाम, रस्त्याचे काम करत असेल आणि नोंदणी केली नसेल, तर करायला सांगा. पेटी मिळाली असेल तर ती माळ्यावर ठेवू नका.

आणखी एक गोष्ट मनापासून खटकते. दानशूर मंडळी आणि पुढारी जॅकेटे वाटतात, त्यांचे कौतुकच आहे. पण पाठीवर अख्खा फोटो, नाव, पद आणि शुभेच्छा छापल्या की भडक कापडाची जागाच उरत नाही. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमचा फोटो पाहायचा नसतो. त्याला माणूस दिसायला हवा असतो. नाव छापायचेच असेल तर खिशावर छोटे छापा. पुण्य कमी होणार नाही.

धुवायचे कसे, टाकायचे कधी?

* थंड किंवा कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा. पट्टीवर घासणीचा ब्रश नको, ब्लीच नको, इस्त्री नको, पिळूही नका.
* सावलीत वाळवा. खान्देशच्या उन्हात भडक रंग लवकर उडतो.
* लेबलवर किती धुण्यांपर्यंत टिकेल ते लिहिलेले असते. तो आकडा सांभाळा.
* त्याच लॉटमधले एक कोरे जॅकेट कपाटात ठेवा. दर तीन महिन्यांनी वापरातले जॅकेट त्याच्या शेजारी टांगा. दिवसा रंग फिका दिसला किंवा मोबाईलच्या चाचणीत पट्टी मंद वाटली, तर ते बाद करा.
* डांबर, ग्रीस लागलेली पट्टी धुऊन निघत नसेल तर ते जॅकेट बाद समजा.
* चेन किंवा वेल्क्रो तुटले असेल तर आधी दुरुस्त करा. उघडे जॅकेट समोरून अर्धेच दिसते.

शेवटी दोन शब्द गाडी चालवणाऱ्यांसाठी. लायसन्सच्या वैद्यकीय दाखल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्यांना मी २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हे पाहतो. नजरेबाबत फॉर्म साधारण तेवढेच विचारतो. पण रात्री १२० मीटरवरचा माणूस दिसायला हवा, हे आपण वर पाहिले. पन्नाशीनंतर मोतीबिंदू सुरू झाला की समोरच्या गाडीच्या अप्परने डोळे दिपतात आणि काही सेकंद काहीच दिसत नाही. तसे होत असेल तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, डोळे तपासून घ्या. काच आणि हेडलाईट पुसत चला. लांबवर पोपटी किंवा केशरी काही हलताना दिसले, की ते काय आहे याचा विचार करत बसण्याआधी पाय ॲक्सिलरेटरवरून काढा.

आणि ठेकेदार, सरपंच, नगरसेवक, कारखान्याचे मालक यांना एकच विनंती. पुढच्या खरेदीआधी दोन-तीन नमुने आणा. ते झाडू मारणाऱ्या ताईंना, रोलरवरच्या पोराला, खड्डे भरणाऱ्या दादांना आठवडाभर वापरायला द्या. मग एका रात्री स्वतः गाडीत बसून शंभर-दीडशे मीटरवरून त्यांच्याकडे पाहा. त्यांना जे अंगावर ठेवावेसे वाटेल आणि तुम्हाला जे लांबून दिसेल, तेच घ्या. दरपत्रकात ते सर्वांत खालच्या आकड्याचे नसेल, तरी तेच घ्या.